दौलत हॅकरची गोष्ट

सकाळी फॅक्टरीचा भोंगा वाजला की आमच्या क्वार्टरमध्ये एकच धांदल उडायची. बाबा भिंतीला टेकवलेली सायकल काढायचे, तिची साखळी एकदा खडखडायची, आणि माय स्वयंपाकघरातून ओरडायची, "डबा घेतला काय वो त्यायनं?" हा प्रश्न बाबांसाठी असायचा, पण ती विचारायची मला. नवऱ्याला सरळ काही विचारायची तिची पद्धतच नव्हती. बाबाही उत्तर मलाच द्यायचे, "घेतला म्हन." दोन खोल्यांच्या त्या घरात दोघं एकमेकांपासून पाच हातांवर असत, आणि निरोप माझ्या मार्फत जात. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीत आमच्या रांगेत सहा क्वार्टरं होती. सगळी सारखी, पिवळी, पुढे तारेचं कुंपण आणि कुंपणाला वालाचा वेल. पण कोणाच्या घरातून खोबऱ्याच्या फोडणीचा वास यायचा, कोणाच्या घरातून मोहरीच्या तेलाचा, आणि आमच्या घरातून लाखोळीच्या डाळीचा. डोळे मिटून चाललं तरी आपलं दार ओळखू यायचं.

मी आठवीतून नववीत गेले त्या उन्हाळ्यात आमच्या घरात शेवंता आली. शेवंता माझ्या मामाची मुलगी, करडी गावची. माझ्याच वयाची, माझ्याहून अर्धा हात उंच, आणि धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, चिखल तुडवून तुडवून तळपाय असे रुंद झालेले की मायनं आणलेल्या चपलेत ते मावत नव्हते. तिला पुढे शिकायचं होतं आणि मामाला ते पटत नव्हतं. माय भावापुढे पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या घरी ठेवतो मी तिले. तुले काय तरास हाय?" मामानं विचार केला आणि अट घातली, "सहामाहीत एका बी विषयात गेली, तं दिवाळीपासून घरी. कापणीले हात पायजेतच, अना एक जागा बी पाहून ठेवली हाय मी." जागा म्हणजे स्थळ. शेवंता तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मान हलवली, जणू बाजारातून काय आणायचं ते कोणी सांगत होतं.

आम्ही शाळेला भंडाऱ्याला जायचो, फॅक्टरीच्या बसनं. बसमध्ये आमच्या शेजारची लता नायर आमच्यासाठी जागा धरायची. लताचे आईवडील केरळचे, पण तिचा जन्म इथलाच. घरात मल्याळम, रस्त्यावर हिंदी आणि आमच्याशी मराठीसह तिन्हींची मिळून एक भाषा ती बोलायची. गणितात तिचा हात कोणी धरत नव्हतं. मी निबंधात बरी होते आणि शेवंता चित्रं काढायची. चित्रं तरी कसली, बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर समोरच्या माणसाचं डोकं, मान, मानेवरची घडी. चार रेघांत माणूस उतरायचा. कंडक्टरनं एकदा स्वतःचं चित्र पाहिलं आणि पान फाडून मागून घेतलं.

त्याच वर्षी शाळेत कॉम्प्युटर आले. दोन. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेशेजारची खोली रंगवली, खिडक्यांना जाड पडदे लावले, खाली सतरंजी घातली आणि दारावर पाटी लागली, 'चपला बाहेर काढा'. हात धुऊनच आत जायचं. आमच्यापैकी काही जणींनी तर पहिल्या दिवशी दाराला नमस्कार केला. बोरकर सरांना नागपूरला पाठवून या यंत्राचं शिक्षण दिलं होतं. ते आमचे गणिताचे सर, मध्यम उंचीचे, कायम पांढरा शर्ट आणि खिशाला शाईचा डाग. बोलता बोलता ते थांबायचे आणि खडूकडे पाहत राहायचे, मग पुन्हा सुरू. कॉम्प्युटरपुढे मात्र ते कधी थांबले नाहीत. त्या निळसर पडद्यासमोर बसले की त्यांचा चेहरा आमच्याएवढा व्हायचा.

मुलांना आठवड्यातून तीन तास मिळायचे, मुलींना शनिवारी एक. एका शनिवारी सरांनी इंग्रजी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं. परदेशात काही शाळकरी पोरं घरी बसून टेलिफोनच्या तारेतून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात शिरतात. कुलूप तोडत नाहीत, भिंत फोडत नाहीत, फक्त एक गुप्त शब्द ओळखतात आणि आत. अशा माणसाला काय म्हणतात ते त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'हॅकर'.

शेवंता बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत होती. मग तिनं हात वर केला. "सर, हे 'हॅ' गाव कोनत्या तालुक्यात येते?"

बोरकर, वरोरकर, नागपूरकर, तसा हॅकर. वर्ग हसला, पण सरही इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "शेवंता," ते म्हणाले, "गाव शोधून काढ, मी बदली मागून घेतो तिथं."

बसमध्ये परत येताना त्या गावाचा पत्ता आम्ही शोधून काढला. हॅ हे मोठ्या रेल्वेमार्गावरचं एक छोटं गाव. तिथं फलाट आहे, बाकडं आहे, कडुलिंबाचं झाड आहे, पण एकही गाडी थांबत नाही. मेल येते, धूळ उडवते आणि निघून जाते. त्या गावचा दौलत हॅकर एक दिवस रेल्वेच्या कॉम्प्युटरात शिरतो, आणि दुसऱ्या दिवसापासून देशातली प्रत्येक गाडी हॅ स्टेशनवर थांबते. आधी आम्ही त्याचं नाव गजानन ठेवलं होतं. घरी आल्यावर माय वालाच्या शेंगा निवडत आमचं बोलणं ऐकत होती. ती म्हणाली, "देवाचं नाव चोराले देता काय वो?" मग तो दौलत झाला.

गोष्ट माझी, चित्रं शेवंताची, आकडे लताचे. आणि ही चित्रकथा कागदावर नाही, कॉम्प्युटरवर करायची, असं ठरलं. सरांना सांगितलं तेव्हा ते खडूकडे न पाहता म्हणाले, "जानेवारीत विज्ञान प्रदर्शन आहे. बारा पानं करा. मी शाळा सुटल्यावर अर्धा तास खोली उघडी ठेवीन."

आज माझी नात मोबाइलवर बोट फिरवून दोन मिनिटांत माकड काढते, रंगवते आणि नाचवते. तिला मी हे कसं सांगू? आधी शेवंता आलेखाच्या कागदावर चित्र काढायची. मग लता प्रत्येक रेघेचं टोक मोजायची, आडवे किती, उभे किती. तो आकडा मी मोठ्यानं वाचायचा आणि तिनं यंत्रात भरायचा. दौलतच्या एका मिशीला चौदा आकडे लागले. एक आकडा चुकला तर मिशी कपाळातून निघून पडद्याबाहेर जायची. त्या यंत्राला मराठी अक्षरं ठाऊक नव्हती. लता म्हणाली, "इंग्लिश लेटर में लिख देते हैं ना." शेवंता हटून बसली, "दौलत मराठी बोलते." म्हणून प्रत्येक अक्षर रेघांनी काढायचं ठरलं. 'ळ' काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी संवाद लिहिताना 'ळ' टाळू लागले, 'क्ष' आणि 'ज्ञ' तर हद्दपारच केले. लेखनात शब्द कमी कसे वापरावेत हे मला त्या यंत्रानं जेवढं शिकवलं तेवढं कोणत्याही शिक्षकानं शिकवलं नाही. एक पान पुरं झालं की सर ते काळ्या चौकोनी फ्लॉपीवर साठवायचे. यंत्र आतून कुरकुरायचं, आम्ही तिघी श्वास धरून ऐकायचो. कुरकुर थांबली आणि पान परत पडद्यावर आलं की लता टाळी वाजवायची. अर्धा तास संपला की आम्ही शेवटच्या बससाठी पळायचो. घरी मायनं पितळीत भात आणि झिंग्यांचा रस्सा वाढून ठेवलेला असायचा. जेवताना आमच्या तोंडी आकडेच असायचे. बाबा एकदा शेवंताकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हिले सांग, भाताचे दाने बी मोजून खा म्हना."

आठव्या पानावर आम्ही अडलो. दौलत रेल्वेच्या कॉम्प्युटरपुढे बसलाय आणि पडद्यावर प्रश्न आहे, 'गुप्त शब्द?' आता तो शब्द त्याला कळतो कसा? मी लिहिलं होतं की दौलत डोळे मिटतो आणि त्याला शब्द सुचतो. शेवंताला ते मान्य नव्हतं. "असं कधी होते काय? काहीतरी पाहिल्याबिगर सुचते कसं?"

सहामाही परीक्षा नुकतीच संपली होती, दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर होती. सरांनी मार्कांसाठी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला होता. हजेरीचा नंबर दिला की पडद्यावर त्या मुलाचे मार्क. आणि तो उघडताना यंत्र असाच गुप्त शब्द मागायचं. त्या दिवशी सर आम्हाला खोलीत बसवून स्टाफरूममध्ये गेले होते. लता म्हणाली, "हम ट्राय करके देखें? सिर्फ शब्द. आगे कुछ नहीं." आम्ही सरांचं नाव टाकलं. नाही. आडनाव, शाळेचं नाव, भंडारा, नागपूर. नाही. शेवंता कीबोर्डकडे पाहतच नव्हती, ती टेबलावरच्या सरांच्या जेवणाच्या डब्याकडे पाहत होती. स्टीलचा लहानसा डबा, एवढ्या मोठ्या माणसाला कसा पुरतो असं वाटायला लावणारा. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, 'चि. वैशाली'.

"हे टाक," ती म्हणाली.

लतानं एकेक इंग्रजी अक्षर टाकलं. पडदा एकदम कोरा झाला आणि मग प्रश्न आला, 'नंबर?'

आम्ही तिघी अशा घाबरलो की कोणी हसलंसुद्धा नाही. "बंद कर, बंद कर," शेवंता म्हणाली आणि आलेखाचे कागद गोळा करायला लागली. "पन समजलं आता. दौलत डबा पाहते." ती आणि लता चपला घालायला बाहेर गेल्या. यंत्र बंद करायचं काम माझं होतं.

मी ते केलं नाही. मी शेवंताचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, अठ्ठावीस.

गणितात पास व्हायला शंभरात पस्तीस लागायचे. मला दिसला तो मामा, करडीच्या ओसरीवर बसलेला, आणि ती पाहून ठेवलेली जागा. बाहेरून शेवंता हाक मारत होती, "सुमे, बस जाईन वो!" दोनाच्या जागी चार टाकायला एक बोट पुरलं. अठ्ठेचाळीस. मी यंत्र बंद केलं आणि चपला हातात घेऊन बसकडे पळाले. बसमध्ये शेवंता दौलतनं डब्याकडे पाहिल्याचं चित्र काढत होती, आणि मला वाटत होतं की जगात माझ्याएवढी चांगली बहीण कोणाला नसेल.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी माय करडीहून आलेल्या जुन्या चिन्नोर तांदळाची पिशवी सरांना पाठवायला विसरली नाही. शाळा सुटल्यावर आपला वेळ देणाऱ्या मास्तरला काहीतरी द्यावं, एवढंच तिच्या मनात. पिशवी घेऊन शेवंता स्टाफरूममध्ये गेली. चार शिक्षकांनी ते पाहिलं.

सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी प्रार्थना झाली आणि हेडसरांनी जाहीर केलं की कॉम्प्युटरनं तयार केलेली शाळेची पहिली गुणयादी लागली आहे. बीजगणितात नववीत सर्वांत जास्त गुण मिळवणारी मुलगी शेवंता, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, लताहूनही एक जास्त.

पन्नासपैकी. मला तो शब्द आधी कळलाच नाही. मग मनात हिशेब लागला. सरांनी तेव्हा फक्त बीजगणिताचा पेपर भरला होता, पन्नासाचा. अठ्ठावीस म्हणजे ती पास होती. चांगली पास होती.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि शेवंता रांगेतून पुढे जात नव्हती. "माहे नाईत थे," ती म्हणाली. आमच्या वर्गाच्या बाईंना वाटलं, लाजतेय. त्यांनी तिला हाताला धरून पुढे नेलं. दुपारपर्यंत वर्गात एकच बोलणं होतं, खेड्यातली पोरगी, कालपरवा आली, अठ्ठेचाळीस कुठून आणले? कॉपी केली असेल. जेवणाच्या सुट्टीत तिला हेडसरांच्या खोलीत बोलावलं. मी आणि लता दाराच्या पडद्याच्या फटीशी उभ्या राहिलो.

आत कपाटातून तिचा पेपर काढलेला होता. पेपरवर लाल शाईत अठ्ठावीस होते. हेडसरांचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "बोरकर, पेपरवर अठ्ठावीस आणि यादीत अठ्ठेचाळीस. हे कसं?"

"माझ्याकडून चुकून पडले असतील," सर म्हणाले.

"त्या खोलीची किल्ली तुमच्याकडे. ते उघडायचा शब्द तुम्हालाच माहीत. आणि दिवाळीला या मुलीच्या घरून तुमच्याकडे तांदूळ आले. स्टाफरूममध्ये लोक काय बोलतात ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

शेवंता म्हणाली, "तांदूळ माह्या आत्यानं देल्ले. मी मार्क नाई मांगतले. मले माहीत हाय मी दोन गनितं सोडली होती." तिचा आवाज कापत नव्हता. ती रडली असती तर कदाचित मी अजून थोडी उभी राहिले असते.

मी पडदा बाजूला केला आणि आत गेले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी सगळं एका दमात सांगितलं आणि लताचं नाव घेतलं नाही. लता माझ्या मागून आत येऊन म्हणाली, "शब्द मैंने टाइप किया, सर." हेडसर खुर्चीत मागे टेकले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "शब्द कसा कळला?"

"डब्यावरून," शेवंता म्हणाली. "मी सांगतला."

सर उठून खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. वैशाली त्यांची मुलगी होती, चार वर्षांची होऊन तापानं गेलेली. हे आम्हाला नंतर मायकडून कळलं, आणि मायला बाजारात त्यांच्या बायकोकडून. तो डबा तिच्या बारशाचा होता. आज बँकेत नोकरी करताना दर काही महिन्यांनी यंत्र मला नवा शब्द मागतं. माझे सहकारी नवऱ्याचं, मुलाचं, कुलदैवताचं नाव टाकून मोकळे होतात. मी अर्थ नसलेली अक्षरं टाकते. माणसं आपलं सर्वांत जवळचं काय आहे ते तिथं ठेवतात, आणि मी एकदा परवानगी न घेता तिथं जाऊन आले आहे.

मला वर्षभर कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. प्रदर्शनात माझं नाव येणार नाही, असं हेडसरांनी सांगितलं. लताला ताकीद मिळाली. सरांवरचा आळ गेला. यादी फाडून नवी लावली, त्यात शेवंता अठ्ठावीसवर होती. बाबांना चिठ्ठी गेली. ते संध्याकाळी आले, सायकल लावली, हातपाय धुतले आणि पहिल्यांदाच, कोणासाठी निरोप म्हणून नाही, माझ्याशीच बोलले. "आमच्या सेक्शनमंदी एक आकडा खोटा लिहिला तं मानूस मरते," ते म्हणाले. "समोरचा मानूस त्या आकड्यावर भरोसा करून हात घालते." एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवंता माझ्याशी बोलेना. एका गोधडीत झोपायचो आम्ही, आणि ती मायला सांगायची, "आत्या, सुमीले म्हन, थोडी तिकडे सरक." तीन दिवसांनी तिनं पिशवी भरली. घरी उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी सुरू आहे, हात कमी आहेत, म्हणाली. शनिवारी परत येईन म्हणाली. शनिवार गेला, पुढचा शनिवारही गेला. मायनं माझ्यापुढे बसचे पैसे ठेवले. "तूनं धाडली तिले. तूच आन."

करडीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मामाच्या बांधीत पिकलेल्या धानाचा तो उबट, गोडसर वास भरून राहिला होता. बाया वाकून ओळीत कापत होत्या, विळ्यांचा सरसर आवाज एका लयीत येत होता. शेवंता ओळीच्या टोकाला होती. मी एक विळा उचलला आणि तिच्या शेजारी कापायला लागले. मला ते येत नव्हतं. माझ्या मुठीत चार काड्या, तिच्या मुठीत चाळीस.

"बोट कापशीन," ती न पाहता म्हणाली. सोळा दिवसांतले तिचे पहिले शब्द.

"तुले न्याले आली मी."

"मी नाई येत."

"मले वाटलं तू नापास झाली. मामा तुले घरी ठेवन, लगन लावन, म्हनून..."

"वाटलं," ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली. "तुले वाटलं. मले विचारलं काय तूनं? दाराबाहेरच तं होती मी. थे अठ्ठावीस माहे होते, सुमे. रोज बसमंदी लताकडून समजून घेऊ घेऊ आनले होते मी. अना तूनं पाहाताबरोबर समजली का हे पोरगी नापासच असन." तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो तिनं पुसला नाही. "हेडसर बी तेच समजले, पोरं बी तेच. पन थे मले वळखत नाईत. तू तं वळखतेस ना?"

मी वाकून कापत राहिले, ती कापत राहिली. दुपारी मामा भाकर घेऊन आला. त्यानं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मी त्याला म्हणाले, "मामा, शेवंता पास हाय. सगळ्या विषयांत." कोणी त्याला ते सांगितलंच नव्हतं. शेवंताही बोलली नव्हती.

मामा बांधावर बसला. "पास हाय तं इथं का करून राहिली?" तो तिला म्हणाला. "मी बोललो होतो ना. नापास झाली तं घरी. पास झाली तं शाळा. उद्या सकाळच्या गाडीनं जाय."

"अना कापणी?"

"कापणी मी पाहीन गा," मामा म्हणाला. चिडला की पुरुषांना लावायचा 'गा' तो मुलींनाही लावायचा.

ती आली, पण माझ्याशी बोलणं तिनं मोजूनच ठेवलं. शाळा सुटल्यावर ती आणि लता त्या खोलीत जायच्या आणि मी बाहेर पायरीवर बसून राहायचे. चित्रकथा बंद करा असं सरांनी कधीच म्हटलं नव्हतं. पडद्याआडून शेवंता आकडे वाचताना ऐकू यायची. ते वाचायचं काम माझं होतं. गोष्ट पुढे काय झाली, हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. माझ्या मूळ लिखाणात शेवटी पोलीस येतात आणि दौलतला बेड्या घालतात.

प्रदर्शनाच्या दिवशी यंत्र मोठ्या हॉलमध्ये आणून ठेवलं होतं. समोर पाहुणे, हेडसर, शिक्षक, मागे पालक आणि सर्वांत मागे, खांबाजवळ, मी. लता एकेक कळ दाबत होती आणि शेवंता पडद्याशेजारी उभी राहून पान वाचून दाखवत होती. दौलतची मिशी पाहून लोक हसले. गाडी पहिल्यांदा हॅ स्टेशनवर थांबली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. आठव्या पानावर दौलत डब्याकडे पाहत नव्हता. तो नुसता बसला होता, आणि पडद्यावरचा शब्द रेघांनी झाकलेला होता. सर भिंतीशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

बारावं पान आलं. पोलीस होते, पण बेड्या नव्हत्या. साहेब दौलतला विचारतो, गाड्या का थांबवल्या? आणि दौलत म्हणतो, 'आमच्या गावी कोणी उतरत नव्हतं.' एवढं लांब वाक्य आम्ही कधी काढलं नव्हतं. किती संध्याकाळी गेल्या असतील त्याला. हॉलमध्ये या वेळी कोणी हसलं नाही, टाळ्या सुरू झाल्या.

पाहुणे उठून पडद्याजवळ गेले. "चित्रं कोणाची?" त्यांनी विचारलं. शेवंतानं आपलं नाव सांगितलं. "आणि ही गोष्ट? गोष्ट कोणी लिहिली?"

हेडसर चटकन पुढे झाले. "सगळ्या वर्गानं मिळून," ते म्हणाले.

शेवंतानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. "नाई जी," ती म्हणाली, मोठ्यानं, करडीच्या बांधीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशी. "शेवट तेवढा माहा हाय. गोष्ट सुमीची हाय. माही बहीन. थे पहा, मांगं खांबाजवळ उभी हाय."

सगळा हॉल मागे वळला. मी खांबाआड व्हायला गेले, पण तोवर लोकांनी वाट करून दिली होती.